दप्तरदार म्हणजे मालक नव्हे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. दप्तर ठेवणारे सरकार बदलले. परंतु वैनगंगेकाठच्या शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क बदलला नाही. दप्तर हा हक्काचा पुरावा असतो, मालक नव्हे. हेच तत्त्व इंटरनेटच्या दप्तरालाही लागू व्हावयास हवे.

कोणते पत्ते कोणत्या कंपनीच्या जाळ्यात आहेत, याची प्रमाणित नोंद तपासली न गेल्यास काय घडते, हे २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिले. पाकिस्तान टेलिकॉमच्या एका चुकीच्या घोषणेने यूट्यूब सुमारे दोन तास ठिकठिकाणी बंद पडले. आज अशा नोंदी पाच प्रादेशिक संस्था ठेवतात. आपल्या भागाची संस्था ब्रिस्बेनची ‘ॲपनिक’. भारतातील पत्त्यांचे वाटप ‘निक्सी’ पाहते. मात्र २०२१ साली मॉरिशसमधील ‘ॲफ्रिनिक’ची बँक खाती एका सभासदाशी चाललेल्या दाव्यात गोठविली गेली. कुंपणच मोडले तर शेत कोणी राखावे?

आमच्या मते हे दप्तर एकट्या सरकारच्या हाती नको आणि व्यापाऱ्याच्याही नको. ते सभासदांना जबाबदार असलेल्या संस्थेकडेच राहावे, पण अटींवर. नोंद रद्द करण्यापूर्वी नोटीस व सुनावणी हवी, वर अपील हवे, स्वतंत्र तपासणी हवी आणि संस्था कोलमडली तरी काम चालू ठेवील अशी दुसरी प्रत हवी. पटवाऱ्याच्या चुकीविरुद्ध तहसीलदाराकडे जाता येते. इंटरनेटच्या पटवाऱ्यावरही असा तहसीलदार असलाच पाहिजे.