'इतर'च्या ढिगातलं पत्र

२०१४ साली तुमच्यापैकी कित्येकींनी अमेरिकी सरकारला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं असेल. एच-४ व्हिसावरच्या जोडीदारांना नोकरीची परवानगी द्यावी का, यावर गृहसुरक्षा खात्यानं लोकांचे अभिप्राय मागवले होते. जवळजवळ १३,००० आले. फेब्रुवारी २०१५ मध्ये अंतिम नियम जाहीर करताना खात्यानं त्यांतल्या मुद्द्यांना लेखी उत्तरं दिली. ही मेहेरबानी नव्हती. अभिप्राय विचारात घेणं १९४६ च्या कायद्यानं बंधनकारक आहे.

आता अशी पत्रं चाळायला सरकारी खाती कृत्रिम बुद्धिमत्ता वापरू लागली आहेत. यंत्र गट पाडतं, सारांश काढतं. "मग बिघडलं कुठे?" असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या वादात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे २ कोटी २० लाखांहून अधिक अभिप्राय आले. त्यांतले सुमारे १ कोटी ८० लाख बनावट होते, असं न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या चौकशीत निघालं. १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं एकट्यानं ७७ लाख पाठवले होते! हा कचरा माणसांनी उपसावा असं मी म्हणणार नाही. एकसारखी पत्रं बाजूला काढायला यंत्र खुशाल लावा.

पण हे मतदान नाही. इथे किती जण बोलले यापेक्षा काय बोलले ते महत्त्वाचं. हजारांत एकीनंच मांडलेली अडचण कुठल्याच गटात बसत नाही, म्हणून ती 'इतर'मध्ये पडते आणि सारांशात 'इतर'ला अर्धी ओळही मिळत नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात न आलेली गोष्ट नेमकी त्या ढिगात असते.

मिशिगन राज्यानं २०१३ ते २०१५ या काळात बेकारभत्त्यातली लबाडी शोधायचं काम संगणकावर सोपवलं. सुमारे ४०,००० लोकांवर खोटे आळ आले. नंतर तपासलेल्या २२,००० हून अधिक प्रकरणांत ९३ टक्के आरोप चुकीचे ठरले. पगारातून पैसे कापले गेल्यावर त्या लोकांना निदान कळलं तरी. आपलं पत्र कुणी उघडलंच नाही, हे तुम्हाला कसं कळणार?

म्हणून मागणी साधी आहे. यंत्रानं कोणत्या निकषांवर गट पाडले ते जाहीर करा. 'इतर'चा ढीग माणसानं वाचावा आणि वाचल्याची सही करावी.

आणि थोडं आपल्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मसुदा खाली नाव टाकून पुढे ढकलायची आपली सवय जुनी आहे. यंत्र त्या पाचशे पत्रांचं एकच पत्र करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. पुढच्या वेळी मसुदा बाजूला ठेवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. तुमच्या घरात काय घडलं, कधी घडलं, त्यानं काय गमावलं ते लिहा. मग ते पत्र वाचायला माणूस मागण्याचा हक्क तुमचा.