यंत्रातला ऑर्गन आणि घरची पेटी

संगणकातच पाइप ऑर्गन मिळत असता कारंजा लाडसारख्या गावी पेटी हवीच कशाला, असा प्रश्न आताशा आमच्या कानी येतो. एकेका नळीचा स्वर मुद्रित करून तो कळफलकावर आणणारी ही किमया नव्या संगीतकारांना वरदान आहे, हे आम्ही मानतो. त्यांनी तीवर अवश्य रचना कराव्यात, मुद्रित करून घरोघर ऐकवाव्यात. परंतु पवित्र मिस्सात तेच मुद्रण लावण्यास आमचा ठाम विरोध आहे.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा गौरव केला, तसे अन्य वाद्यांनाही दार उघडले. उपासनेत स्वयंचलित वाद्ये व ध्वनिमुद्रणे वाजविणे रोमने १९५८ सालीच निषिद्ध ठरविले होते. यंत्र प्रार्थना करीत नाही.

फ्रेंच कॅथॉलिक संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांनी १९३५ साली ख्रिस्तजन्मावर ऑर्गनसाठी रचना केली, तीत देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने नोंदविलेल्या देशी तालांचा आधार घेतला. परक्याने आपले ताल ऑर्गनवर चढवावेत आणि आपण आपली पेटी अडगळीत टाकावी काय? वाजविणाऱ्याचे बोट कधी चुकेल. पण भाविकांचा श्वास संपतो तेथे ते थांबते. तरुण संगीतकारांनी संगणकावर खुशाल रचना कराव्यात; रविवारी मात्र पेटीच्या साथीला यावे.