तुलनेचा धडा शाळेतच राहून गेला

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना मुंबई-पुण्यासह देशभरातील शहरांत प्लाझ्मासाठी रुग्णांच्या नातेवाईकांची वणवण सुरू होती. करोनातून बऱ्या झालेल्या दात्याचा शोध, रक्तगट जुळविण्याची धडपड आणि मोबाइलवरून अहोरात्र फिरणारी आवाहने हे त्या दिवसांचे चित्र अनेकांच्या स्मरणात असेल. या धावपळीतील सर्वांत खिन्न करणारी बाब ही, की प्लाझ्मामुळे मृत्यू टळत असल्याचे दिसून येत नाही, हे भारतातच झालेल्या एका चाचणीने सहा महिने आधी सांगून ठेवले होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये एप्रिल ते जुलै या काळात देशभरातील ३९ रुग्णालयांत ही चाचणी घेतली. मध्यम स्वरूपाचा आजार असलेल्या ४६४ रुग्णांची विभागणी दोन गटांत करण्यात आली. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता सोडतीच्या तत्त्वाने ठरले. २३५ रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीने प्लाझ्मा देण्यात आला. उरलेल्या २२९ जणांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. २८ दिवसांनंतर हिशेब मांडला, तेव्हा पहिल्या गटातील ४४ रुग्णांचा आजार गंभीर झाला होता अथवा ते दगावले होते. दुसऱ्या गटात ही संख्या ४१ होती. टक्केवारीच्या भाषेत १९ आणि १८. धाप आणि थकवा कमी होण्यात प्लाझ्माचा काहीसा लाभ दिसला. पण जीव वाचविण्याच्या कामी तो आला नाही. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र १७ मे २०२१ रोजी.

या विलंबाची प्रशासकीय कारणे काहीही असोत, समाजाच्या पातळीवर त्याचे कारण साधे होते. ‘प्लाझ्मा दिला आणि रुग्ण बरा झाला’ हा अनुभव शेकडो कुटुंबांच्या पदरी होता आणि तो खोटा नव्हता. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. कारण याच चाचणीत प्लाझ्मा न मिळालेल्या दर १०० रुग्णांपैकी ८२ जणांचाही आजार गंभीर वळणावर गेला नव्हता. त्यांच्या घरच्यांना ‘प्लाझ्मा न देता बरे झाले’ असे सांगत फिरण्याचे काही कारण नव्हते. जे घडले त्याची चर्चा होते. जे न करताही तेच घडले, त्याची नोंद कोणी ठेवत नाही. ती नोंद ठेवण्याची शिस्त म्हणजेच नियंत्रित गट.

प्रयोगाच्या पद्धतीचे तीन आधारस्तंभ मानले जातात. परिकल्पना म्हणजे चुकीचे ठरू शकेल असे आधीच स्पष्ट शब्दांत मांडलेले विधान. चल म्हणजे बदलू शकणारी गोष्ट. त्यांपैकी एक आपण हेतुपुरस्सर बदलायची, दुसरी मोजायची आणि बाकीच्या शक्यतो स्थिर राखायच्या. आणि नियंत्रित गट म्हणजे तो एक बदल न करता बाकी सर्व समान ठेवलेली जोडी. वरील चाचणीत प्लाझ्मा हा बदललेला चल होता, २८ दिवसांतील प्रकृती हा मोजलेला चल होता आणि काय मोजायचे हे आधीच ठरलेले होते. निकाल हाती आल्यावर सोयीचा मापदंड शोधण्याची मुभा त्यामुळे उरली नाही.

हे सारे शालेय अभ्यासक्रमात नाही, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न ते कसे शिकविले जाते, हा आहे. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो, हे दाखविणारा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या केला जातो. कुंडीतील रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवायचे, एका पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकायचा, रोप उन्हात ठेवायचे आणि मग त्या पानातील हरितद्रव्य काढून त्यावर आयोडीन टाकायचे. उघडा भाग निळा-काळा होतो, झाकलेला होत नाही. आकृती काढली, निष्कर्ष लिहिला, वहीवर सही झाली की प्रयोग संपतो.

वास्तविक खरा धडा तेथून सुरू व्हावयास हवा. झाकलेला आणि उघडा भाग एकाच पानावर का घेतला? कारण दोन्ही भागांना पाणी तेच, रोप तेच, वय तेच. फरक फक्त उजेडाचा. पानाचा उघडा भाग हाच येथे नियंत्रित गट असतो, हे मात्र बहुतेक वह्यांत लिहिलेले आढळत नाही. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, की काळ्या कागदाने ऊन अडले तशी हवाही अडली नसेल कशावरून, तर ती शंका अभ्यासक्रमाबाहेरची ठरते. प्रत्यक्षात ती प्रयोगशास्त्राच्या गाभ्यातील शंका आहे. उत्तरही अवघड नाही. दुसऱ्या पानावर त्याच मापाचा पारदर्शक कागद तसाच चिकटवावा. तेथे पान निळे-काळे झाले, तर कारण हवा नसून उजेड आहे, असे म्हणता येते. पण निष्कर्ष आधी पाठ आणि प्रयोग नंतर, ही आपल्या प्रात्यक्षिकांची रीत असल्याने या दुसऱ्या पानापर्यंत वर्ग पोहोचतच नाही. उत्तर ठरलेले असेल, तर परिकल्पना चुकण्याची शक्यताच उरत नाही. मग तो प्रयोग न राहता विधी होतो.

नियंत्रित गटावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप माणुसकीचा असतो. उपचार हाती असताना निम्म्या रुग्णांना तो नाकारायचा, हे निर्दय नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोली जिल्ह्यात सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात नवजात बालकांच्या घरीच काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबविली आणि ४७ गावांत जन्ममृत्यूंची तितकीच काटेकोर नोंद ठेवली. या दुसऱ्या गावांत शासकीय आरोग्यसेवा चालूच होती. प्रशिक्षित गावकरी स्त्रीच्या हातून बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून उपचार होऊ शकतात, यावर तेव्हा वैद्यकीय जगाचा सहज विश्वास बसणारा नव्हता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तुलनेतील गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट नोंदली गेली होती. ती ४७ गावे नसती, तर हे यश सुधारलेल्या रस्त्यांचे, वाढत्या साक्षरतेचे की चांगल्या पावसाचे, असा वाद घालण्यास जागा राहिली असती. तुलना होती म्हणूनच ही पद्धत गडचिरोलीपुरती राहिली नाही. २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ती राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली.

करोनाकाळानेही हेच दाखवून दिले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, अत्यंत स्वस्त स्टेरॉइडचा गुण सिद्ध केला. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत नेहमीच्या उपचारांच्या गटात ४१.४ टक्के रुग्ण दगावले होते. औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण २९.३ टक्के होते. त्याच चाचणीत ११ हजारांहून अधिक रुग्णांवर प्लाझ्मा तपासला गेला आणि दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण २४ टक्केच निघाले. म्हणजे ज्या पद्धतीने एका उपचाराची आशा मावळली, त्याच पद्धतीने दुसऱ्याने असंख्य जीव वाचविले. तुलना निर्दय नसते. ती न करता सर्वांनाच अंधारात ठेवणे अधिक महाग पडते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षणावर आणि वैज्ञानिक दृष्टिकोनावर भर आहे. ‘एनसीईआरटी’ने २०२४ मध्ये आणलेल्या सहावीच्या विज्ञान पुस्तकाचे नावच ‘क्युरिऑसिटी’ आहे. परंतु पुस्तकाचे नाव बदलल्याने वर्गातील रीत बदलत नाही. प्रात्यक्षिकाचे गुण अपेक्षित उत्तराला मिळणार असतील, तर विद्यार्थी अपेक्षित उत्तरच लिहील. प्रयोग फसला, तर का फसला हे नीट मांडणाऱ्या वहीलाही पूर्ण गुण देण्याची तयारी मूल्यमापन करणाऱ्यांनी दाखविली, तर त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागणार नाही की वेगळा निधीही.

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे राज्यघटनेच्या कलम ५१ क नुसार नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. ते पाळण्यासाठी प्रत्येकाने शास्त्रज्ञ होण्याची गरज नाही. उंची वाढविणारी भुकटी असो, शंभर टक्के निकालाचा दावा करणारा शिकवणी वर्ग असो वा गुन्हे घटल्याचे सांगणारी सरकारी योजना, ‘हे केले नसते तर काय झाले असते’ एवढा एक प्रश्न विचारता आला तरी पुष्कळ झाले. २०२१ मध्ये तो प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर अनेक कुटुंबांचे अखेरचे काही दिवस दात्याच्या शोधात न जाता आपल्या माणसाच्या विचारपुशीत गेले असते.