किल्ल्यावर शत्रू हवा

सारोळ्याच्या आमच्या घरी दिवाळीत किल्ला झाला नाही असं वर्ष मला आठवत नाही. परवाच्या दिवाळीतही मी माती भिजवून, अळीव आणून, जुन्या डब्यातले मावळे धुऊन ओसरीवर तयार बसलो होतो. पुण्याहून आलेले आमचे नातू मात्र चपला काढल्या काढल्या टीव्हीच्या मागे शिरले, तिथं त्यांनी एक काळी पेटी जोडली आणि जाहीर केलं, "आबा, किल्ला नको. मी जपान आणलाय."

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला हे सहन होईल काय? या खेळाविरुद्ध वर्तमानपत्राला एक खरमरीत पत्र लिहायचंच, अशा इराद्यानं मी पुरावा गोळा करायला शेजारी खुर्ची टाकून बसलो. चार दिवसांनी सौ. म्हणाली, "पुरावा पुरे झाला असेल तर आंघोळ करून घ्या."

'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हे त्या खेळाचं नाव. २०२० साली निघाला. रचला अमेरिकेतल्या मंडळींनी. जपान आणि कोरिया यांच्या मधल्या त्सुशिमा बेटावर १२७४ साली मंगोलांची स्वारी आली, तिथून गोष्ट सुरू होते. ऐंशी सामुराई किनाऱ्यावर चालून जातात आणि जवळजवळ सगळे कापले जातात. जिन साकाई नावाचा एक तरुण वाचतो आणि आमच्या नातवाच्या तावडीत सापडतो.

आधी गुण सांगतो, म्हणजे पुढं शिव्या द्यायला मोकळा. या खेळात वाट दाखवायला बाण नाही. वारा सुटतो, गवत वाकतं आणि वाकेल तिकडे घोडा घालायचा. आमच्या हमरस्त्यावर एवढाल्या हिरव्या पाट्या असूनही भोरला निघालेले पाहुणे कापूरहोळचा फाटा चुकतात आणि आमच्या दारात येऊन "भोर हेच का?" म्हणून विचारतात. तिथं तो पोरगा नुसत्या वाऱ्यावर अख्खं बेट फिरत होता. टेकडीवर चढून खाली बघत उभं राहिलं तरी कुणी हटकत नाही. बिनकामाचं बघत उभं राहू देणारी जागा आताशा फार उरलेली नाही.

आता दोष. कोल्ह्याच्या मागं गेलं की देऊळ सापडतं, ही कल्पना मोठी गोड. पहिल्या कोल्ह्याचं मी कौतुक केलं. पण अशी देवळं ४९! विसाव्या कोल्ह्याला मी जे बोललो ते इथं छापता येणार नाही. शत्रूची एक छावणी मोडली की दुसरी तशीच, तिसरीही तशीच. घोडा शीळ घातली की हजर. त्याला ना दाणा, ना वैरण. आम्ही फाट्यावर तासभर हात हलवला तरी गाडी थांबत नाही. आणि त्या सामुराईच्या कमरेला पुढल्या शतकांतली तलवार! वर तो मधेच बसून हायकू रचतो. हायकू स्वतंत्रपणे रुजायला अजून काही शतकं होती. असंच असेल तर ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या आदल्या वर्षी आपणही आळंदीला तमाशाचा फड लावायला हरकत नाही. माझा हात लाल पेन्सिलीकडे गेला.

पण खरा दोष पुढंच आहे. जिनचे काका जुन्या वळणाचे. शत्रूवर समोरूनच वार करायचा, पाठीमागून मारणं हा कुळाला बट्टा, असं त्यांचं म्हणणं. नातवानं काकांच्या शब्दाखातर सगळी लढाई समोरासमोर केली, तरी काका त्यालाच झापतात! मारा कसाही, गोष्ट ठरल्याप्रमाणेच चालणार. म्हणजे भटकायला बेट मोकळं, पण मनाला वेसण.

त्यातून मी मावळातला. गनिमी काव्यासाठी एक माणूस इतका रडतो हेच मला आधी समजेना. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाला कोंडला तेव्हा कुणाच्या काकांची परवानगी घेतली होती? पण खेळात पुढं काय होतं पाहा. जिन विष वापरतो आणि मंगोल तेच विष शिकून त्याच्याच माणसांवर उलटवतात. इथं मात्र मी खुर्चीत सरळ झालो. आपला नायक चुकतो आणि त्याची किंमत दुसरे भरतात. एवढं सांगायची छाती या खेळाला आहे, म्हणून त्याला कोल्हे माफ.

भाऊबीजेला जमलेली मंडळी मात्र एका सुरात म्हणाली, "आपल्या महाराजांवर का नाही हो असा खेळ?" मी म्हणालो, "तुम्ही होऊ द्याल म्हणून!" ताटातली करंजी ताटात राहिली.

त्सुशिमाच्या लोकांनी काय केलं? परक्यांनी आपलं बेट मनासारखं रंगवलं, तलवार चुकवली, तरी तिथल्या महापौरांनी २०२१ मध्ये खेळाच्या दोघा दिग्दर्शकांना बेटाचे पर्यटनदूत नेमलं. २०२० च्या वादळात तिथल्या वातात्सुमी देवस्थानाची कमान पडली. ५० लाख येन हवे होते, जमले २ कोटी ७० लाखांवर, आणि त्यात जगभरच्या खेळणाऱ्यांचा मोठा हात होता. आपल्याकडे घोड्याचा रंग चुकला तरी आधी मोर्चा निघेल आणि घोडा मागाहून बघितला जाईल.

आमचा दिवाळीचा किल्लाच घ्या. बाजारात महाराज मिळतात, मावळे मिळतात, भाजीवालीसुद्धा मिळते. शत्रू विकायला ठेवलेला मी आजवर पाहिला नाही. वर्षानुवर्षं आपण न लढता जिंकतो आहोत! पण १६६५ साली मिर्झाराजांशी पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले द्यावे लागले, १२ उरले. तो २३ किल्ल्यांचा खेळ तुम्ही पोराला खेळू द्याल? मुरारबाजी पडलेला, दिलेरखान खाली बसलेला, आणि कुठला गड द्यायचा, कुठला ठेवायचा हे पोरानं ठरवायचं. एकदा ते दुखणं बोटांना कळलं, की १६७० मध्ये गड परत घेताना पोराला काय वाटेल याचा विचार करा. जो हरूच शकत नाही त्याचं मोठेपण मोजायचं कशानं?

"पण सर," ताटावरचा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "तुम्ही आम्हाला पुरंदरचा तह पाच कलमांत लिहून दिला होता. चार मार्कांना."

सौ.नं त्याला आणखी एक करंजी वाढली.

दुसऱ्या दिवशी नातवानं विचारलं, "आबा, पुरंदर इथून लांब आहे?" आम्ही निघालो. वाटेत कापूरहोळ लागलं तेव्हा मी सांगितलं, संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ इथली. तो म्हणाला, "हे नकाशात नसतं." नारायणपूरकडे वळलो. वारा पडला होता, गवत सरळ उभं होतं, आणि तीस वर्षं पुरंदर शिकवलेल्या मला वाट विचारण्यासाठी चहाच्या टपरीवर दोनदा उतरावं लागलं.