घर सोडावें, पण हक्क कां सोडावा?

दरसाल पावसाळा जवळ आला म्हणजे भिवंडी शहरांत धोकादायक इमारतींच्या दारांवर महानगरपालिकेच्या नोटिसा लागतात. आशय सरळ असतो: इमारत राहण्यास योग्य नाहीं, ती ताबडतोब रिकामी करावी. आंतला यंत्रमाग कामगार ती नोटीस वाचतो, अथवा कोणाकडून वाचवून घेतो, आणि तेथेंच राहतो. त्याला जिवाची पर्वा नाहीं, असें म्हणणारे शहाणे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांनीं त्या कामगाराच्या खोलींत तासभर जाऊन बसावें, एवढीच आमची विनंति.

२१ सप्टेंबर २०२० रोजीं पहांटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडांतली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि पस्तीसांहून अधिक जीव गेले. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली, आणि सुरक्षित घर हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय, असें २०२२ च्या निकालांत सांगितलें. निकाल योग्यच आहे. परंतु असुरक्षित घरांतून माणूस बाहेर कां पडत नाहीं, याचा उलगडा झाल्यावांचून त्या हक्काला अर्थ येणार नाहीं.

तो पडत नाहीं, कारण छप्पर कोसळेल हें केवळ संभवनीय आहे, पण एकदां खोली सोडली कीं ती कायमची गेली, हें त्याला निश्चित वाटतें. त्याच्यापाशीं करार नसतो, भाड्याची पावती नसते, अनामत रक्कम मालकाच्या खिशांत असते. "इमारत पडली कीं तुमचें भाडेकरूपणही संपलें," असें मालकानें सांगितलें तर तो तें खरें मानतो.

वस्तुतः तें खोटें आहे. सांगलीकडील एका खटल्यांत, पालिकेनें इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडतो काय, हाच प्रश्न होता. भाडेकरूचा संबंध भिंतींशीं आहे तसाच खालच्या जमिनीशींही आहे, म्हणून भिंती गेल्या तरी हक्क जात नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. भिवंडींतील किती खोल्यांपर्यंत ही वार्ता पोहोंचली असेल?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हाही दुबळा कायदा नव्हे. भाडे देणाऱ्या व देण्यास तयार असणाऱ्या भाडेकरूला सामान्यतः काढतां येत नाहीं. थकबाकीसाठीं दावा लावण्यापूर्वी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावें लागतें. पाणी अथवा वीज तोडून त्याला हुसकावणें हा गुन्हा आहे. पावती देणें मालकावर बंधनकारक आहे. करार नोंदविण्याची जबाबदारीही मालकाचीच. त्यानें ती टाळली तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. मात्र लीव्ह अँड लायसन्सच्या कागदावर राहणाऱ्यास हें संरक्षण नाहीं. मुदत संपली कीं त्याला जावें लागतें. म्हणूनच सही करण्यापूर्वी कागदाचें नांव वाचावें.

कडाक्याच्या ऋतूंत भाडेकरूला रस्त्यावर काढूं नये, हा विचार आतां जगाला नवा नाहीं. १९५४ च्या हिंवाळ्यांत फ्रान्समध्यें बेघर माणसें गारठून मेलीं, आबे पिएर या पाद्र्यानें नभोवाणीवरून हांक दिली, आणि १९५६ सालीं हिंवाळ्यापुरती अशा कारवाईस बंदी झाली. आज ती १ नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत असते. आमचा तो ऋतु जूनमध्यें येतो. मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं त्यांना हटविण्याची मुभा दिली खरी, पण पावसाळा सरून ३१ ऑक्टोबर येईपर्यंत त्यांना हात लावूं नये, असें बजावलें.

भिवंडीचा पेंच याहून बिकट आहे. ज्या पावसांत माणसाला बाहेर काढणें निर्दयपणाचें, त्याच पावसांत त्याला मोडक्या छताखालीं ठेवणें प्राणघातक. येथें नुसत्या सवलतीच्या मुदतीनें भागणार नाहीं. महानगरपालिकेनें नोटीस लावण्याच्या दिवशींच प्रत्येक खोलीचें मोजमाप करावें, आणि राहणाऱ्याचें नांव, क्षेत्रफळ व मजला लिहिलेला सही-शिक्क्याचा दाखला त्याच्या हातीं द्यावा. पोटभाडेकरूचीही नोंद घ्यावी. संक्रमण निवारा द्यावयाचा तो मागांपासून चालत जातां येईल इतका जवळ असावा, कारण रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसाला दहा मैलांवरची खोली म्हणजे नोकरीला रामराम होय. खर्चाची सबब सांगितली जाईल. मोजपट्टी आणि शिक्का यांना असा कोणता मोठा खर्च येतो?

मालकांचेंही गाऱ्हाणें आम्ही ऐकलें आहे. जुन्या भाड्यांत डागडुजी होत नाहीं, हें पुष्कळ ठिकाणीं खरें आहे, आणि त्याचा विचार सरकारनें करावा. पण त्याची भरपाई म्हणून पालिकेच्या नोटिशीचा उपयोग भाडेकरू घालविण्यासाठीं करूं पाहणाऱ्यास कोणाचीही सहानुभूति मिळूं नये. पुढला पावसाळा येण्यापूर्वीं मोजमापाचें काम सुरू झालें पाहिजे, आणि तें त्याच इमारतींपासून, जेथें नोटीस लागूनही आज रात्रीं चुली पेटणार आहेत.