खाऱ्या जमिनीचे बियाणे आणि त्याचे धनी

रायगड जिल्ह्यात धरमतरच्या खाडीलगत पसरलेला खारेपाट हा निसर्गाने माणसाला सहजी दिलेला मुलूख नव्हे. तो कोकणच्या कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, पाणी सोडण्या-अडविण्याच्या उघाड्या बसवून, आणि उधाणाने बांधाला खांड पडली की वेळ-अवेळ न पाहता चिखल वाहून ती बुजवून समुद्राकडून हस्तगत केलेला आहे. परंतु या कष्टांची कमाई केवळ जमिनीपुरती नव्हती. ज्या मातीत उन्हाळ्यात मिठाचा पांढरा थर वर येतो, त्याच मातीत पावसाने क्षार धुऊन जाताच मोड आलेले बी रहू पद्धतीने फेकून जे भात पिकवले गेले, ते तांबड्या दाण्याचे ‘काळा राता’ आणि ‘भुरा राता’ हे वाण या लोकांनी वर्षानुवर्षे निवडून, राखून, पुन्हा पेरून सिद्ध केले. बांधाची नोंद सरकारी दफ्तरात झाली, जमिनीची जमाबंदी झाली, खोताचा हिस्सा कागदावर चढला. बियाणे मात्र कोणाच्याही खाती लिहिले गेले नाही. आज त्याच प्रकारच्या बियाण्यांतील सहनशक्तीचे रहस्य वनस्पतिविज्ञान उलगडत असताना, तिचा लाभ ज्यांनी ती जतन केली त्यांच्या शिवारापर्यंत पोचविणे आणि तीवरील त्यांचा हक्क अबाधित राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे माझे निश्चित मत आहे.

क्षार वनस्पतीचा घात दोन प्रकारे करतात. मातीतील पाण्यात मीठ वाढले की ते पाणी मुळांना सहज ओढून घेता येत नाही, आणि सभोवती ओलावा असूनही रोप तहानेलेच राहते. ही पहिली आपत्ती. दुसरी आपत्ती सावकाश येते: पाण्याबरोबर आत शिरलेला सोडियम खोडातील जलवाहिन्यांतून पानांत पोचतो, तेथे साठत जातो, पोटॅशियमने करावयाच्या कामांत अडथळा आणतो, आणि पाने कडेने करपत अखेर गळून पडतात. मातीच्या द्रावाची विद्युतवाहकता मीटरला सुमारे ३ डेसिसायमनच्या पुढे गेली की सामान्य भाताचे उत्पन्न घटू लागते, आणि त्यातही रोपावस्था व फुलोरा हे दोन काळ या पिकाला सर्वांत नाजूक असतात.

मग काही वाण या आपत्तीतून कसे तरतात? या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर २००५ साली मिळाले. ‘नोना बोक्रा’ हा बंगालच्या खाऱ्या किनाऱ्यावरचा देशी वाण. त्याचा संकर ‘कोशिहिकारी’ या जपानी भाताशी करून चीन व अमेरिका येथील संशोधकांनी पहिल्या गुणसूत्रावरील एक जनुक निश्चित केले आणि त्याला ‘एसकेसी-१’ असे नाव दिले. या जनुकाच्या आज्ञेने तयार होणारे प्रथिन जलवाहिन्यांलगतच्या पेशींच्या आवरणात असते, आणि वर चढणाऱ्या रसातील सोडियम तेथेच काढून घेऊन तो पानांपर्यंत जाऊ न देणे हे त्याचे कार्य. जकात नाक्यावर माल अडवावा तशी ही व्यवस्था आहे. विशेष असे की हे जनुक नाजूक भातातही असतेच. भेद असतो तो त्याच्या रचनेतील मोजक्या अक्षरांचा, आणि तेवढ्यावर खाऱ्या रानात पीक उभे राहणे न राहणे पुष्कळ अंशी अवलंबून राहते. केरळच्या ‘पोक्कळी’ भातात ‘सॉल्टॉल’ म्हणून ओळखला जाणारा जो गुणसूत्राचा भाग सापडला, तोही याच पहिल्या गुणसूत्रावर, याच परिसरात आहे. इतकेच नव्हे, तर ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी गव्हाच्या एका प्राचीन नातलगातून याच कुळातील जनुक पारंपरिक संकराने डुरम गव्हात आणले, तेव्हा खाऱ्या शेतात त्याचे उत्पन्न सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. विज्ञानाने ही शक्ती निर्माण केली नाही. ती ओळखली, तिचे स्थान दाखविले, आणि ती एका वाणातून दुसऱ्यात अचूकपणे नेण्याचा मार्ग सुकर केला. मूळ भांडवल बंगालच्या, केरळच्या आणि कोकणच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांचे आहे. गोव्याच्या खाजन शेतीतील ‘कोरगुट’ भाताची हकीकत हीच. आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने भुऱ्या रात्यातील निवडीचा उपयोग करून ‘पनवेल’ नावाच्या जाती काढल्या, तेव्हा जनुकाचे नाव ठाऊक नसतानाही तिथे तोच गुण कामी आला.

पुराच्या बाबतीत याचा सर्वांत उज्ज्वल दाखला ओडिशाच्या एका देशी भातातून निवडलेल्या ‘एफआर-१३ए’ या वाणाने घालून दिला आहे. पाण्याखाली गेलेले सामान्य भात श्वासासाठी उंच वाढण्याची धडपड करते आणि त्यातच साठविलेली शर्करा संपवून मरते. या वाणातील ‘सब-१ए’ जनुक ती धडपड थांबविते, रोपाला संचय राखून स्वस्थ राहण्यास लावते, आणि सुमारे दोन आठवड्यांनी पाणी ओसरले की ते पुन्हा फुटते. २००६ साली हे जनुक ओळखले गेले, आणि ते ‘स्वर्णा’ या लोकप्रिय जातीत संकराने घालून तयार केलेला ‘स्वर्णा-सब-१’ वाण २००९ साली भारतात प्रसारित झाला. शेतकऱ्याला आपला परिचित भात, त्याची चव आणि त्याचा बाजार सोडावा लागला नाही. यातच त्या कार्याचे खरे शहाणपण होते.

परंतु सर्व संकटे एका जनुकाने आटोक्यात येत नाहीत, आणि हे विशेषतः अवर्षणाविषयी खरे आहे. माती सुकू लागताच वनस्पतीत ॲब्सिसिक आम्ल वाढते, पर्णरंध्रे मिटतात आणि पाण्याचा व्यय थांबतो. परंतु त्याच रंध्रांतून कर्बवायू आत यावयाचा असल्यामुळे अन्ननिर्मितीही मंदावते. म्हणजे जो वाण पाणी वाचविण्यात अतिशय तत्पर, तो पाऊस चांगला झालेल्या वर्षी मागे पडण्याचा संभव असतो. फिलिपीन्सच्या एका देशी भातातील ‘डीआरओ-१’ हे जनुक मुळांना खोल जाण्यास लावते, आणि ते ‘आयआर-६४’ या उथळ मुळांच्या जातीत नेल्यावर दुष्काळातही तिचे दाणे भरल्याचे २०१३ साली दिसून आले. पण जिथे खोलवर ओलावाच उरलेला नाही तिथे खोल मूळ तरी काय करणार? आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेली ‘एम-३५-१’ ही रब्बी ज्वारी परतीच्या पावसाने भारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर इतकी दशके टिकून राहिली, ती अनेक जनुकांच्या आणि त्या विशिष्ट मातीच्या सहकार्यामुळे. म्हणून ‘दुष्काळाचे जनुक सापडले’ अशी घोषणा ज्या ज्या वेळी होते, त्या त्या वेळी कोणत्या मातीत, कोणत्या अवस्थेत आणि किती हंगामांत, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. २०२२ साली केंद्र सरकारने, ज्यांत परके जनुक घातलेले नाही अशा जनुकसंपादित वनस्पतींना जैवसुरक्षा नियमांतील काही तरतुदींतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर केले. त्यांपैकी ‘पुसा डीएसटी राइस-१’ या वाणात ‘एमटीयू-१०१०’ या प्रचलित भाताचे स्वतःचेच एक जनुक निष्प्रभ करून क्षार आणि अवर्षण सोसण्याची शक्ती वाढविण्याचा उद्देश आहे. या संशोधनाला मी विरोध करीत नाही. उलट सार्वजनिक संस्थांनी ते हाती घेतले याचे मला मनःपूर्वक समाधान वाटते. पण सूट मिळाली म्हणून उत्तरदायित्व संपत नाही, ते वाढते. प्रत्येक ठिकाणच्या चाचणीची संपूर्ण आकडेवारी, अनुकूल तशीच प्रतिकूलही, लोकांपुढे ठेवली गेली पाहिजे. कारण प्रयोगक्षेत्रातील यश आणि खारेपाटातील यश यांच्यामध्ये भरती-ओहोटी, पावसाची उघडीप आणि शेतकऱ्याचा रिकामा खिसा उभा असतो.

आणि येथेच एक गंभीर धोका आहे. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला ५० डेसिसायमनच्या आसपास असते. ते पाणी शेतात कायमचे साचले तर भाताच्या कोणत्याही जनुकाचा निभाव लागणार नाही. सहनशील वाण एखाद्या वाईट हंगामात पीक हातचे जाऊ देत नाही, परंतु फुटलेला बांध तो बांधीत नाही, आणि गंजून अडलेली उघाडीही उघडीत नाही. हीच गोष्ट सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्याची: तेथील क्षारपड जमिनी अतिसिंचनाने आणि निचऱ्याच्या अभावाने झाल्या आहेत, आणि नीरेच्या कालव्याखालील जमिनींनी गेल्या शतकाच्या प्रारंभीच हा धडा दिला होता. चराचे काम टाळण्यासाठी बियाण्याचे निमित्त पुढे करणे ही सरकारी कारभारातील सोयीस्कर पळवाट ठरेल, आणि तिचा दंड जमीन आणि तिच्यावर राबणारा माणूस भरील.

राहिला प्रश्न हक्काचा. याच खारेपाटात १९३३ साली चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला आणि उपासमार सोसून तो १९३९ पर्यंत पाळला; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. जो बांध घालतो, बी टाकतो आणि पीक काढतो त्याचा त्या पिकावर पहिला हक्क, हा त्या संपाचा न्याय होता. आज पिकाच्या जागी जनुक आले आहे, एवढाच फरक. न्याय बदललेला नाही. २००१च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदविण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याच्या वाणातून नवा वाण निर्माण झाल्यास लाभाचा वाटा मिळण्याची तरतूदही केली आहे. कायदा चांगला आहे. पण ज्या गावात त्याची वार्ता पोचली नाही, तेथे तो असून नसल्यासारखाच.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, ठाणे आणि पालघर या किनारी जिल्ह्यांत जे खारसहिष्णू देशी वाण अद्याप पेरले जातात, त्यांची गाववार मोजदाद कृषी विद्यापीठाने आणि महसूल खात्याने मिळून करावी, आणि त्यांची नोंदणी ग्रामस्थांच्या सामूहिक नावे सरकारी खर्चाने व्हावी. पनवेलसारख्या केंद्राला जनुकांचा शोध घेणारी प्रयोगशाळा आणि शेतातील दीर्घ चाचण्यांसाठी पुरेसा, दरसाल न कापला जाणारा निधी मिळावा. नव्या वाणांच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या रानात त्यांच्या सहभागाने व्हाव्यात, आणि बांध-उघाड्यांच्या दुरुस्तीची तरतूद बियाण्याच्या तरतुदीशी जोडूनच मंजूर केली जावी, म्हणजे एकीच्या नावाखाली दुसरी बुडविता येणार नाही. समुद्राची पातळी वाढत असताना आणि पावसाचा नेम चुकत असताना ही कामे पुढच्या पिढीवर ढकलण्याचा अधिकार आपल्याला नाही. भुरा राता एकदा शेतातून नाहीसा झाला, तर त्यातील जे गुण अद्याप कोणी तपासलेलेही नाहीत ते पुन्हा घडविण्याची विद्या कोणत्याही प्रयोगशाळेपाशी नाही.