सोडण्याचे स्वातंत्र्य कुणाला?

ठाण्याहून कशेळीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाळकुम लागते. खाडीकाठचे हे जुने कोळी-आगरी गाव आज उंच इमारतींच्या सावलीत दडून गेले आहे. याच बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र उभे आहे. तेथे मुख्यत्वे विधी आणि व्यवस्थापन या शाखांचे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम चालतात. गावातली मुले मात्र बहुतांशी बी.ए., बी.कॉम.साठी ठाणे, कळवा, भिवंडी, कल्याण अशी पांगतात. विद्यापीठ दाराशी आले, तरी शिक्षणासाठी बस पकडावीच लागते. ही विसंगती ध्यानात ठेवूनच पुढच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे.

दर वर्षी महाविद्यालये उघडली की विद्यार्थ्याच्या हाती विषयांच्या पर्यायांचा अर्ज पडतो आणि त्याच्यासोबत उपदेशही येतो: आवडीप्रमाणे विषय निवडा, झेपेल तेवढ्याचीच नोंदणी करा, न झेपणारा विषय वेळेत सोडा, वर्ष जड जात असेल तर थांबा आणि पुन्हा परत या. हा उपदेश वाईट नाही. सुखवस्तू घरातल्या मुलाला तो उपयोगीही पडतो. आमचा आक्षेप उपदेशाला नसून, तो ऐकणारे सगळे एकाच पायरीवर उभे आहेत या गृहीतकाला आहे.

प्रथम या व्यवस्थेचे स्वरूप पाहू. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण मंजूर केले. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक श्रेयांक बँकेचे नियम जारी केले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी तो २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून अमलात आणला. व्याख्यानांचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, असा हिशेब आहे. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञानपरंपरा, मूल्यशिक्षण, क्षेत्रकार्य, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असे अनेक कप्पे विद्यार्थ्याने भरायचे असतात. खुला ऐच्छिक विषय तर आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो, परंतु सारे शिक्षण सात वर्षांत पुरे झाले पाहिजे.

कागदावर हे सारे मोहक दिसते. आता हाच कागद बाळकुमच्या नाक्यावर नेऊन वाचा. असा एक तरुण डोळ्यांसमोर आणा की जो रात्री मानकोलीच्या गोदामात माल मोजतो आणि सकाळी कॉलेजात बसतो. ७५ टक्के उपस्थितीची अट त्याला लागू आहे. त्याने निवडलेला गौण विषय दुपारी अडीच वाजता शिकवला जातो, आणि त्याच वेळी त्याला झोप काढायची असते. त्याने विषय बदलायचा ठरवले तर दुसरा विषय शिकवायला शिक्षक नाही. राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची हजारो पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासाच्या मजुरीवरच्या अध्यापकांकडून उरकले जाते. शिक्षकच नसतील तर विषय कोठून येणार? यादीत दहा नावे छापली तरी प्रत्यक्षात जे दोन विषय शिकवले जातात, त्यांतूनच त्याला निवड करावी लागते. खाणावळीच्या फळ्यावर वीस पदार्थ लिहिलेले असावेत आणि आत फक्त डाळभात उरलेला असावा, त्यातलीच ही गत.

या योजनेचे समर्थक विचारतील की, पूर्वीची व्यवस्था अधिक बरी होती काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. पूर्वीची व्यवस्था बरी नव्हती. दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडणाऱ्या मुलीच्या हाती पूर्वी काहीच उरत नसे. केटी लागली म्हणून खचलेला आणि पुढे कधीच न परतलेला विद्यार्थी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. मिळवलेले ज्ञान वाया जाऊ नये, श्रमणाऱ्या माणसाला आपल्या सवडीने शिकता यावे, ही मागणी मुळात आपलीच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी, खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना प्रवेशपरीक्षेप्रमाणेच विद्यापीठाच्या वरच्या परीक्षाही खुल्या कराव्यात, असा आग्रह धरला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका हा मंत्र दिला. या तिघांनी शिक्षणाची वेळ आणि रीत कष्टकऱ्याच्या आयुष्याला जुळवून घेतली. आजची लवचीकता नेमके उलट करते. ती संस्थेला तशीच ठेवते आणि विद्यार्थ्याला वाकवते.

‘बाहेर पडण्याचा पर्याय’ या शब्दांकडेच पाहा. काल ज्याला आपण शाळा-कॉलेजातली गळती म्हणत होतो, त्याला आज बहिर्गमन हे नाव मिळाले आहे. गळती हा शासनाच्या अपयशाचा पुरावा होता. बहिर्गमन ही विद्यार्थ्याची निवड ठरते. गळतीचा जाब विचारता येत असे, पण निवडीचा जाब कोण कुणाला विचारणार? शिवाय आराखड्याचा नियम असा की, पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन जाणाऱ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा केला पाहिजे. म्हणजे पोटासाठी जो शिक्षण सोडतो आहे, त्याने सोडण्यासाठी आधी आणखी थोडे शिकायचे! ज्याची अडचण नड नसून निव्वळ हौस आहे, त्यालाच हे परवडेल.

मुलींच्या बाबतीत हा पर्याय अधिक घातक आहे. आजवर शिक्षण अर्धवट राहील एवढ्या एका मुद्द्यावर ती बापाशी, काकाशी भांडू शकत होती. पदवीशिवाय हाती काही लागणार नाही, हीच तिची ढाल होती. आता घरात सहज म्हटले जाईल, ‘एक वर्षाचे सर्टिफिकेट मिळाले ना? मग बस झाले. लग्नानंतर पाहू.’ आणि तीन वर्षांच्या आत परतण्याची मुदत पहिल्या बाळंतपणात निघून जाईल. नियम करणाऱ्यांच्या मनात हे नसेलही. परंतु नियमाचा परिणाम त्याच्या हेतूवरून ठरत नसतो. तो कोणत्या समाजात लागू होतो, यावरून ठरतो.

शिक्षण तासांत मोजून त्याचे नाणे पाडण्याची ही कल्पना कोठून आली, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत पोलाद-सम्राट कार्नेगी याने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी निधी दिला. त्याचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या महाविद्यालयांनी शिक्षणाचे एक ठराविक परिमाण मान्य करावे, अशी अट १९०६ च्या सुमारास आली. १९१० साली त्याच प्रतिष्ठानासाठी मॉरिस कुक नावाच्या अभियंत्याने विद्यापीठांची पाहणी केली. हा टेलरच्या कारखानदारी कार्यक्षमतेच्या पंथाचा शिष्य होता, आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे पडणाऱ्या तासांवर अध्यापनाचा खर्च मोजावा, ही त्याची शिफारस होती. श्रेयांकाच्या मुळाशी असा कारखान्याच्या घड्याळाचा काटा आहे. मोजमाप करणे हे पाप नव्हे. परंतु ज्ञानाचे मोजमाप आणि मजुरीचे मोजमाप एकाच तराजूत घातले, की शिक्षण हा खातेवहीतला व्यवहार होतो, आणि जो व्यवहारात कच्चा असतो तो बुडतो.

अशी घाई आपण पूर्वीही पाहिली आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची सोय असलेला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणला. विद्यार्थी-शिक्षकांच्या आंदोलनानंतर जून २०१४ मध्ये तो मागे घ्यावा लागला. आपल्या मुंबई विद्यापीठात २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा प्रयोग अपुऱ्या तयारीनिशी झाला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेरीस कुलगुरूंना जावे लागले. पण ज्या मुलांचे पुढील प्रवेश हुकले, त्यांना कुणी काय परत दिले? प्रयोग वर बसलेले करतात आणि त्याची किंमत खालचे मोजतात, हा या देशाच्या शिक्षणाचा जुना शिरस्ता आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत असे सांगितले. २०२० च्या धोरणानेही सहा टक्क्यांचाच जप केला. पर्याय वाढले, पण पैसा वाढला नाही, तर पर्यायांचा भार विद्यार्थ्यावरच पडणार हे उघड आहे.

येथे आमच्या काही साथींशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांचे म्हणणे असे की, हे धोरणच रद्द झाले पाहिजे. मग विद्यार्थ्यांना विषय कसे निवडावेत, कसे सोडावेत, हे सांगत बसणे म्हणजे निव्वळ सुधारणावाद होय. हा युक्तिवाद सभेत टाळ्या मिळवतो, पण बाळकुमच्या मुलाला तो उपयोगी पडत नाही. रेशनिंगची व्यवस्था अपुरी आहे म्हणून आपण कधी लोकांना रेशनकार्ड काढून देण्याचे थांबवले होते काय? जो आज एका तारखेच्या चुकीने वर्ष गमावणार आहे, त्याला उद्याच्या क्रांतीचे वचन देणे ही क्रूर थट्टा आहे. उलट, नियम वाचून दाखवता दाखवताच त्या नियमातला अन्याय विद्यार्थ्याच्या ध्यानी येतो. संघटना अशीच बांधली जाते.

म्हणून कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत पुढील गोष्टी सांगाव्यात. पर्यायांचा अर्ज भरण्यापूर्वी वेळापत्रक मागा; जो विषय आपल्या कामाच्या वेळी आहे, तो कितीही आवडता असला तरी आधी त्याचा विचार करा. मुख्य विषय घाईने बदलू नका, कारण पुढील सारी इमारत त्याच्यावर उभी असते. खुला विषय निवडताना मित्राच्या संगतीपेक्षा शिक्षक आणि पुस्तके कोठे आहेत ते पाहा. विषय बदलण्याची शेवटची तारीख तोंडी ऐकून विश्वासू नका, सूचनाफलकावरून उतरवून घ्या. अर्ज द्याल त्याची पोच घ्या. श्रेयांक बँकेतील आपल्या खात्यावर प्रत्येक सत्राचे श्रेयांक जमा झाले की नाहीत ते तपासा. केटी लागली म्हणजे शिक्षण संपले, असे समजून बहिर्गमनाचा अर्ज भरू नका. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षभर थांबायचे असेल तर शिष्यवृत्तीवर काय परिणाम होईल, याचे उत्तर कार्यालयाकडून लेखी घ्या. प्रवेशच रद्द करायचा असेल तर शुल्क-परताव्याचा हक्क विसरू नका. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रवेशाच्या अखेरच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के परतावा होता, आणि मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई होती. चालू वर्षाचे परिपत्रक मिळवून वाचा आणि ते हातात घेऊनच खिडकीवर जा.

परंतु सल्ला देऊन आपले काम संपत नाही. सल्ला अमलात आणता येईल अशी परिस्थिती मागितली पाहिजे. सत्र सुरू झाल्यावर किमान दोन आठवडे वर्गात बसून पाहता यावे आणि त्या मुदतीत एक पैसाही न भरता विषय बदलता यावा. प्रत्येक महाविद्यालयात विषयनिवडीसाठी मार्गदर्शक अध्यापक असावा आणि ते काम त्याच्या कार्यभारात धरले जावे. सर्व नियमांची पुस्तिका सोप्या मराठीत प्रवेशाच्या वेळीच मिळावी. काम करणाऱ्यांसाठी सकाळचे आणि सायंकाळचे वर्ग हवेत आणि उपस्थितीच्या अटीत त्यांना सवलत हवी. रिक्त पदे भरली जावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोण बाहेर पडले आणि कोण परत आले, याचा जात, लिंग आणि उत्पन्न यांनुसार आकडा दर वर्षी प्रसिद्ध व्हावा. जी सरकारे परतीच्या दाराचे एवढे कौतुक करतात, त्यांना त्या दारातून आत आलेल्यांची मोजदाद करण्याचे भय का वाटावे?

बाळकुमच्या उपकेंद्राच्या भिंतीबाहेर, नाक्यावर, प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडून बसणे आपल्या शाखेला अवघड नाही. तेथे नियमांच्या प्रती असाव्यात, अर्ज भरून देणारे दोन कार्यकर्ते असावेत आणि एक वही असावी. त्या वहीत प्रत्येकाने कोणता विषय मागितला होता आणि त्याच्या पदरात कोणता पडला, एवढेच लिहून घ्यावे. ती वही भरली, की मोर्चाच्या मागणीपत्रकासाठी आकडे शोधत फिरावे लागणार नाही.

ज्याला राहण्याची सोय आहे, त्याच्याच सोडण्याला स्वातंत्र्य म्हणता येते. बाकीच्यांचे सोडणे म्हणजे हकालपट्टीच होय, मग तिच्यावर प्रमाणपत्राचा शिक्का असो वा नसो.